बशीतल्या पेशी आणि ताटातलं तेल

(इंदूरमधल्या एका मराठी महिला मंडळात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मघाशी पोह्यांची बशी हातात देताना एकीने विचारलं, "ताई, सोयाबीनच्या तेलाने म्हणे स्तनाचा कॅन्सर वाढतो. व्हॉट्सॲपवर आलंय. डबा टाकून देऊ का?" माळव्यात राहून हे विचारायला धाडस लागतं! इंदूरच्या चहूबाजूंना सोयाबीनचीच शेतं आणि त्याची राष्ट्रीय संशोधन संस्थाही आपल्याच गावात. तेव्हा ठरवून आणलेली सुरुवात बाजूला ठेवते आणि त्या डब्यापासूनच बोलते.

बातमी खोटी नाही, अर्धी आहे. सोयाबीनच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्ल असतं. हे ओमेगा-६ गटातलं मेदाम्ल, म्हणजे तेला-तुपाचा एक घटक. शरीराला ते बनवता येत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं. २०२५ साली न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल मेडिसिनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की स्तनाच्या ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या औषधांना दाद न देणाऱ्या, प्रकारच्या कर्करोगपेशींत एफएबीपी५ नावाचं प्रथिन हे आम्ल धरून ठेवतं आणि त्यातून एमटॉर जागं होतं. एमटॉर म्हणजे पेशीच्या घरातला कारभारी. शिधा आला की 'वाढा' असा हुकूम सोडणारा. इतर प्रकारच्या पेशींत ते प्रथिन कमी, म्हणून तिथे कारभारी तसा हलला नाही. उंदरांना लिनोलेइक भरपूर असलेलं खाणं दिल्यावर त्यांच्यातल्या या गाठीही वाढल्या. व्हॉट्सॲपवरचा निरोप इथे संपतो.

आता प्रयोगशाळेतल्या बशीकडे बघू, जिच्यात शरीराबाहेर पेशी वाढवतात. स्तनकर्करोगाच्या अभ्यासात सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या पेशींचं नाव एमसीएफ-७. १९७० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या एका ननच्या, सिस्टर कॅथरीन फ्रान्सिस यांच्या, छातीत साचलेल्या पाण्यातून त्या मिळाल्या. बाई त्याच वर्षी गेल्या. पेशी मात्र आजही जगभरच्या बशांमध्ये वाढताहेत. मला हे दर वेळी सांगताना थोडं थांबावंसं वाटतं.

अशा बशीत माशांच्या तेलातलं डीएचए, म्हणजे ओमेगा-३ गटातलं एक मेदाम्ल, घातलं, तर पेशींची वाढ बऱ्याचदा मंदावते, कारण ते पेशीच्या आवरणात जाऊन बसतं आणि तिथली रचना बदलते. ऑलिव्ह तेलात आणि आपल्या शेंगदाणा तेलातही भरपूर असलेल्या ओलेइक आम्लाने काही पेशींत हर२ हे वाढीचं प्रथिन कमी झालेलं दिसलं. पण बशीला आतडं नाही, यकृत नाही, पाळी नाही, पाळी जाणंही नाही. तिथे मेदाम्ल मोजून, थेट पेशीच्या तोंडाशी दिलं जातं. आपण खाल्लेलं तेल आधी आतड्यात सुटं होतं, पुन्हा जुळतं, रक्तातून फिरतं, आणि बरंचसं कमरेवर मुक्काम करतं.

म्हणून माणसांत काय दिसतं ते बघायचं. अमेरिकेत पाळी गेलेल्या ४८,८३५ स्त्रियांची मोठी चाचणी झाली. काहींना आहारातली एकूण चरबी बरीच कमी करायला सांगितलं, बाकीच्यांनी नेहमीचं खाल्लं. साधारण ८ वर्षांनी, २००६ मध्ये निकाल आला. चरबी कमी केलेल्या गटात स्तनकर्करोग ९ टक्क्यांनी कमी, पण हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकला असता. लिनोलेइक आम्ल जास्त खाणाऱ्या स्त्रियांतही हा रोग ठामपणे वाढलेला दिसलेला नाही.

ठाम दिसतं ते वेगळंच, आणि ते ऐकायला कुणाला आवडत नाही. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं हार्मोन बनवणं जवळपास थांबवतात. मग ते बनतं चरबीच्या पेशींत, अरोमाटेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने. चरबी जितकी जास्त, तितका हा कारखाना मोठा. आणि स्तनाच्या बहुतेक कर्करोगांना इस्ट्रोजेन हेच खाद्य. तेल सोयाबीनचं की शेंगदाण्याचं, यावर वाद घालणाऱ्या घरात तेल एकूण किती जातं हे कुणी मोजत नाही.

जवसाची चटणी करा, जरूर करा. जवसात ओमेगा-३ आहे, फक्त आपलं शरीर त्यातून डीएचए फार थोडं बनवतं. उपचार चालू असतील तर ओमेगा-३ची कॅप्सूल मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

राहिला तो डबा. टाकू नका. मी त्या बाईंना एवढंच विचारलं, की घरात माणसं किती आणि पंधरा किलोचा डबा किती दिवस पुरतो? त्या म्हणाल्या, "ताई, दिवाळीच्या महिन्याचं विचारू नका."