पॅरिसला उतरायचं, पण कुठल्या स्टेशनावर?

मंडळी, लंडनहून रेल्वेने युरोपात जायचं ठरलं की आपण आधी भाडं बघतो, मग वेळ बघतो, आणि स्टेशनाचं नाव सगळ्यात शेवटी वाचतो. क्रम उलटा हवा. म्हापशाच्या माणसाने थिवी सोडून मडगावचं तिकीट काढलं तर टॅक्सीचे पैसे जातात (तेही गोव्यात थोडे नव्हेत!), पण पॅरिसात टर्मिनसचा हिशोब चुकला तर पुढची गाडीच जाते. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असली तर नवं तिकीट बहुधा आपल्याच खिशातून.

पॅरिसला सगळ्या दिशांचं असं एक स्टेशन नाही. एकोणिसाव्या शतकात वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापल्या मार्गाच्या टोकाला स्टेशनं बांधली, ती वाटणी आजही कायम आहे. लंडन, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅमसाठी गार द्यू नोर ('गार' म्हणजे स्टेशन). फ्रँकफर्ट, श्टुटगार्टसाठी गार द लेस्त. जिनिव्हा, झुरिक, मिलान, बार्सिलोनासाठी गार द लियों. नोरहून लेस्त चालत दहा मिनिटं, त्यामुळे जर्मनीला जाणाऱ्याने फार चिंता करू नये. खरी परीक्षा गार द लियों गाठणाऱ्याची.

नोरच्या तळघरातून 'आर ई आर'ची (पॅरिसच्या उपनगरी रेल्वेची) डी लाइन धरायची, दिशा मेलँ किंवा कोर्बेय. मधे फक्त शातले–ले आल, पुढचं स्टेशन गार द लियों. प्रवास दहा मिनिटांच्या आतला. वेळ खातात ते जिने, तिकीट मशीनपुढची रांग आणि बॅगेसकट पार करायची फिरती फाटकं. घाईत पुष्कळ जण बी लाइनच्या गाडीत चढतात. ती लियोंला जात नाही. तसं झालंच तर शातले–ले आलला उतरून ए किंवा डी धरावी. लियोंला पोचल्यावर आणखी एक गोम आहे: तिथे दोन हॉल आहेत. पहिल्यात फलाटांना अक्षरं, दुसऱ्यात आकडे. फलाट जाहीर होतो गाडीच्या थोडा वेळ आधी, आणि दरवाजे सुटण्याच्या दोन मिनिटं आधीच बंद होतात. दीड तास हाताशी ठेवा. तासाभरातही जमतं, पण लंडनहून येणारी युरोस्टार गाडी उशिरा आली की संपलं.

लियों शहर किंवा मार्सेला जायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पॅरिस टाळा, उत्तर फ्रान्समधल्या लिल शहरात गाडी बदला. लंडन–ब्रुसेल्सच्या काही गाड्या लिल युरोपला थांबतात आणि दक्षिणेकडच्या थेट टीजीव्ही (फ्रान्सच्या वेगवान गाड्या) त्याच स्टेशनातून सुटतात. गाड्या कमी, एक चुकली की बराच वेळ बसावं लागतं, पण शहर ओलांडायची कटकट नाही. तिकिटावर लिल फ्लांद्र तर नाही ना, एवढं पाहा. ते वेगळं स्टेशन आहे, काही मिनिटांच्या चालीवर. ब्रुसेल्सलाही तसंच: लंडनची गाडी फक्त मिदी स्टेशनाहून.

आता लंडनची बाजू. स्विंडनला आपली बरीच माणसं आहेत. त्यांची गाडी पॅडिंग्टनला येते, युरोस्टार सुटते सेंट पँक्रासहून. सर्कल किंवा हॅमरस्मिथ अँड सिटी लाइनने किंग्ज क्रॉस सेंट पँक्रासला उतरायचं, मधे बदलायला नको. जुन्या पुस्तकांत वॉटर्लू सापडेल. तिथून युरोस्टार सुटणं नोव्हेंबर 2007 मध्ये बंद झालं.

सेंट पँक्रासला फ्रान्सची पासपोर्ट तपासणी गाडीत चढण्यापूर्वीच होते, म्हणून पॅरिसला उतरलं की सरळ बाहेर. परतताना मात्र फ्रान्स आणि ब्रिटन दोघांचीही तपासणी नोरला, वरच्या मजल्यावर. गेट गाडीच्या अर्धा तास आधी बंद होतं, आणि रांग त्याआधी पार करायची असते. म्हणून जाताना दीड तास पुरतो तिथे परतीला अडीच तास धरा. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे का, हे तिकीट काढण्यापूर्वी तपासा.