पहाटे दोनची पत्रं

फ्रान्समधल्या रुआं शहराजवळ, सेन नदीच्या काठी, क्रोआसे नावाचं गाव. १८५१च्या सप्टेंबरात इथल्या एका घरात गुस्ताव्ह फ्लोबेर 'मादाम बोव्हारी' लिहायला बसला. कादंबरी हातावेगळी व्हायला १८५६ उजाडलं. दिवसभर वाक्यांशी झटापट, प्रत्येक वाक्य मोठमोठ्यानं म्हणून पाहणं. आणि मध्यरात्र उलटली की दुसरा कागद पुढे ओढून पॅरिसच्या आपल्या प्रेयसीला, कवयित्री लुईझ कोलेला पत्र.

या पत्रांवर धड तारीखही नसते. वार आणि वेळ, बस्स. संपादकांनी मजकुरातल्या खाणाखुणा धरून त्यांचे दिवस लावले.

९ डिसेंबर १८५२च्या पत्रात तो सांगतो, लेखकानं आपल्या कृतीत देवासारखं असावं. असावं सगळीकडे, दिसू नये कुठेच. आता गंमत बघा. हे सांगणारा माणूस पत्रांत मात्र ओळीओळीत दिसतो. चिडतो, कुरकुरतो, जगाला शिव्या घालतो, एका परिच्छेदापायी रडकुंडीला येतो. कादंबरीनं ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं, तो इथे ऐसपैस मांडी ठोकून बसलाय.

त्यातलं एक पत्र तर विसरता येत नाही. २३ डिसेंबर १८५३, पहाटेचे दोन. कादंबरीची नायिका एमा आणि तिचा प्रियकर रोदोल्फ घोड्यावरून रानात जातात, तो प्रसंग चाललाय. दुपारी दोनपासून तो लिहितोय. मध्ये जेवणाची पंचवीसेक मिनिटं गेली तेवढीच. संध्याकाळी सहाच्या सुमाराला एमाला झटका येतो असं लिहिताना तो इतका ओरडत होता, की आता आपल्यालाच झटका येणार, या भीतीनं उठला आणि खिडकी उघडली. डोकं गरगरत होतं. पुढे तो लिहितो, की आज मी पुरुषही होतो आणि स्त्रीही. घोडे, पानं, वारा, सगळं मीच होतो. हे वाचून कादंबरीतल्या त्या रानात पुन्हा जाऊन बघा. पानं तीच, पण आता त्यांच्याआडून कुणीतरी धापा टाकताना ऐकू येतं.

लुईझची बहुतेक पत्रं मात्र आज उपलब्ध नाहीत. दुसऱ्याचं फोनवरचं बोलणं शेजारी बसून ऐकावं, तसं होतं. ती काय म्हणाली असेल, हे त्याच्या चिडण्यावरून ताडायचं. तिला तो पॅरिसमध्ये हवा होता. याला पान पुरं करायचं होतं. माझं मत विचाराल, तर तिची बाजू अगदीच लंगडी नव्हती.

मार्च १८५५मध्ये त्यानं दोन-चार कोरड्या ओळींत तिला कळवलं: तुम्ही काल तीनदा येऊन गेलात, यापुढे मी कधीच घरी नसेन. संबंध संपला, कादंबरी अजून बाकी होती. एमाच्या विषप्राशनाच्या वेळी त्याचं काय झालं, ते कळायला १८६६ उजाडावं लागलं. समीक्षक इप्पोलित तेनला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की ते लिहिताना तोंडात आर्सेनिकची चव अशी भरून राहिली होती, की दोनदा अपचन झालं आणि सगळं जेवण उलटून पडलं.