‘अ‍ॅक्शन’ म्हणण्याआधीचे चार सेकंद

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या गावोगावी चालणारं नाटक पाहिलेले किती जण आहेत इथं? हात वर करा बरं. वा, अर्धं सभागृह आहे. मग तुम्हाला वेगळं सांगायला नको. रात्री दहाला पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत खेळ चालतो. ऐन वेळी नायक तापानं फणफणला, तर नाटक कंपन्यांचं गाव असलेल्या वडशाहून दुसरा नट गाडीत घालून आणतात. त्याला एक वाक्य पाठ नसतं, पण प्रॉम्प्टर असतो की! पहिल्या अंकात लोक कुरकुरतात, तिसऱ्या अंकात त्यालाच शिट्ट्या मारतात. एक माणूस भूमिकेतून बाहेर पडला, दुसरा आत शिरला, झालं.

सिनेमात हे होत नाही, कारण पहिला अंक आधीच डब्यात बंद झालेला असतो.

मी संकलक. तीसेक वर्षं मुंबईत दुसऱ्यांचं चित्रीकरण कापत बसलो. नायक मधेच गेला की निर्माता सगळ्यात आधी विचारतो, ‘काय काय आहे आपल्याकडे?’ ऐकायला निर्दय वाटतं. पण शेकडो माणसांचा पगार आणि कर्जाचं व्याज त्याच्या डोक्यावर असतं. परदेशात मुख्य नटाचा विमा उतरवलेला असतो, त्यामुळे सिनेमा पुरा करायचा की सोडायचा, या हिशेबात विमा कंपनीही बसते. काम थोडंच झालं असेल तर रस्ता सरळ असतो. ‘हे राम’चं काम चालू असताना, एप्रिल १९९९ मध्ये, आपले मोहन गोखले चेन्नईत गेले. श्रीराम अभ्यंकरची भूमिका अतुल कुलकर्णींकडे आली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अवघड होतं ते बरंचसं काम उरकल्यावर.

आता अ‍ॅक्शनपट घ्या. लोकांना वाटतं, हाणामारीचा हिरो गेला, आता मारामारी कोण करणार? एडिटिंगच्या खोलीत मात्र मारामारीची काळजी सगळ्यात शेवटी येते. तिथं तो आधीही पूर्णवेळ नव्हताच! जिन्यावरून गडगडलेला, काचेतून पलीकडे गेलेला, मोटारसायकलवरून उडालेला डुप्लिकेट असतो. पाठीकडून शॉट, थोडा धूर, प्रत्येक कट सेकंदापेक्षा छोटा. नायक आईसमोर बसून तिचं बोलणं ऐकतो आणि काहीच बोलत नाही, तिथं आम्ही अडकतो. असा प्रसंग डुप्लिकेटवर कसा काढणार?

ब्रूस ली यांचं उदाहरण जगजाहीर आहे, तरी मला त्यावर थांबायचंय. ‘गेम ऑफ डेथ’चं थोडं चित्रीकरण त्यांनी १९७२ मध्ये केलं, ते बाजूला ठेवून ‘एंटर द ड्रॅगन’ केला आणि २० जुलै १९७३ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. मागे राहिल्या मारामाऱ्या, पिवळ्या पोशाखातल्या, अप्रतिम. कथा जवळपास नव्हतीच. मग १९७८ मध्ये त्या मारामाऱ्यांभोवती नवी कथा विणली. डुप्लिकेटला काळा चष्मा लावला, खोटी दाढी लावली, अंधारात उभा केला. एका ठिकाणी तर आरशावर ब्रूस ली यांच्या चेहऱ्याचं कापलेलं चित्र चिकटवलंय आणि खाली दुसऱ्याचं धड! हसू येतं. पण बारकाईनं बघा, तो शॉट मारामारीचा नाहीच. नायक मेकअपच्या खोलीत नुसता बसलाय. बसण्यासाठी त्यांना चेहरा लागला, आणि तो नव्हता. पुऱ्या सिनेमात खरे ब्रूस ली जेमतेम अकरा मिनिटं आहेत.

आणखी एक गोष्ट केली त्यांनी. कथेत नायक स्वतःच्या मरणाचं नाटक करतो, आणि तिथं ब्रूस ली यांच्या खऱ्या अंत्ययात्रेचं चित्रीकरण वापरलं. ते मला आजही खटकतं. पॅचवर्क म्हणजे ठिगळ. ठिगळ लावायला माणसाचं कफन कापायचं नसतं.

दुर्दैव बघा, वीस वर्षांनी त्यांच्या मुलाच्या बाबतीत हेच झालं. ३१ मार्च १९९३, अमेरिकेतलं विल्मिंग्टन, ‘द क्रो’चं चित्रीकरण. डमी काडतुसाचं टोक पिस्तुलाच्या नळीत अडकून राहिलेलं कुणाच्या ध्यानात आलं नाही. नंतर त्याच पिस्तुलात नुसत्या आवाजाचं काडतूस घातलं, आणि त्याच्या दाबानं ते टोक गोळीसारखं सुटलं. ब्रँडन ली अठ्ठावीस वर्षांचे होते. सिनेमा जवळजवळ पुरा झाला होता. उरलेल्या प्रसंगांत त्यांचा डुप्लिकेट चॅड स्टाहेल्स्की उभा राहिला आणि काही ठिकाणी त्याच्या अंगावर ब्रँडन यांचा चेहरा संगणकानं बसवला. नायक आपल्या जुन्या घरात पाऊल टाकतो, तो शॉट पावसातल्या गल्लीत चालतानाच्या चित्रीकरणातून उचललाय. पुन्हा तेच: कमी पडलं ते घरात शिरणारा माणूस. हा स्टाहेल्स्की पुढे २०१४ च्या ‘जॉन विक’चा दिग्दर्शक झाला. त्याच्या मारामारीत कॅमेरा लांब उभा राहतो आणि नट अख्खा दिसतो. का, ते मी त्याला विचारायला गेलेलो नाही. पण माझा अंदाज तुम्हाला कळला असेल.

आपल्याकडे नायक वाचला, तेही ऐका. जुलै १९८२, बंगळुरू, ‘कुली’. पुनीत इस्सर यांच्याबरोबरची मारामारी, टेबलाचा कोपरा आणि अमिताभ बच्चन मरणाच्या दारात. ते परत आल्यावर मनमोहन देसाईंनी शेवट बदलला. मरणारा नायक जगवला. आणि मार लागला त्या जागी चित्र थांबवून वर मजकूर दिला. इथल्या सीताबर्डीवरच्या टॉकीजमध्ये मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मागून एक जण ओरडला, ‘रीळ अटकली बे!’ मग मजकूर वाचता येणाऱ्यांनी बाकीच्यांना सांगितला आणि हळूहळू सगळं थिएटर गप्प झालं. जे लपवायचं ते देसाईंनी पडद्यावर खिळवून ठेवलं. असा बेधडकपणा माझ्यात कधी आला नाही.

पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी मोटार अपघातात गेले. ‘फ्युरियस ७’ अर्धवट होता आणि अपघात चित्रीकरणाबाहेरचा. काम थांबलं, पटकथा बदलली. त्यांचे दोन भाऊ, केलेब आणि कोडी, अंगकाठीसाठी उभे राहिले, आणि संगणकावर दृश्यं घडवणाऱ्या वेटा डिजिटल कंपनीनं साडेतीनशेच्या आसपास शॉटमध्ये त्यांचा चेहरा घडवला. गाड्या उडवायला कुणाची ना नव्हती. प्रश्न होता, या माणसाचं करायचं काय? मारला नाही त्याला. बायकोमुलासोबत समुद्रकिनारी ठेवला आणि शेवटी दोन गाड्या दोन रस्त्यांना लागल्या. मला हे आवडतं.

आवाजाचा मामला आपल्याकडे वेगळा आहे, कारण डबिंग नंतर करायची आपली जुनी सवय. चित्रीकरण झालेलं, आवाज राहिलेला. मलयाळमचे जयन १६ नोव्हेंबर १९८० रोजी चेन्नईजवळ शोलावरमला हेलिकॉप्टरच्या स्टंटमध्ये गेले. डुप्लिकेट न घेता स्वतः लटकले होते. ‘कोलिळक्कम’मध्ये त्यांचा आवाज आलेप्पी अश्रफ यांनी काढला. कन्नडचे पुनीत राजकुमार ऑक्टोबर २०२१ मध्ये गेले. ‘जेम्स’ त्यांच्या वाढदिवशी, १७ मार्च २०२२ ला लागला. आवाज थोरले भाऊ शिवराजकुमार यांचा. रक्ताच्या नात्यातला आवाज म्हटल्यावर माणूस थोडं माफ करतो, असं मला वाटतं.

आता माझी गोष्ट सांगतो आणि थांबतो. एका मालिकेतला वडिलांचं काम करणारा नट अचानक गेला. पुढच्या भागात लेक घर सोडून जाते आणि वडील ऐकत असतात. तिचं सगळं होतं, त्याचं काहीच नव्हतं. दोन रात्री मी जुने रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रीकरण, चाळले. दिग्दर्शकानं पसंत केलेल्या ओके टेकमध्ये काही मिळेना, कारण तिथं तो अभिनय करत होता, वेगळ्या प्रसंगाचा. शेवटी क्लॅप वाजल्यावर आणि दिग्दर्शकानं ‘अ‍ॅक्शन’ म्हणण्याआधी जो रिकामा वेळ असतो, त्यात चार सेकंद मिळाले. मान थोडी वळलेली, डोळे दाराकडे, चेहऱ्यावर काही नाही. तेच लावले, थोडे हळू करून. नंतर निर्मात्याकडे पत्रं आली, काकांनी शेवटी काय बघितलं हो लेकीकडे!

त्या दिवशी युनिटवर मी होतो. दारातून स्पॉटबॉय चहा घेऊन येत होता.