सोळा-एकची रेघ

जून 2018 आठवा. अंबाती रायुडूंनी त्या आयपीएलमध्ये 602 धावा काढल्या होत्या, इंग्लंडला जाणाऱ्या एकदिवसीय संघात नावही लागलं होतं. बंगळुरूला यो-यो चाचणी झाली, ते नापास झाले आणि त्यांच्या जागी सुरेश रैना गेले. आपल्याकडे लगेच दोन तट पडले. एक म्हणे फिटनेस म्हणजे फिटनेस, दुसरा म्हणे पळायला घेताय की बॅटिंगला? मला दोन्हीकडून एक प्रश्न राहून गेल्यासारखा वाटतो: ही चाचणी नेमकं काय मोजते, आणि किती नेमकं मोजते?

यो-यो चाचणी डेन्मार्कच्या येन्स बँग्सबो यांची. वीस मीटर जायचं, वीस मीटर परत यायचं, दहा सेकंद दम खायचा, पुन्हा बीप. वेग वाढत जातो. तेव्हा भारतीय संघाची पासाची रेघ होती 16.1, म्हणजे सोळाव्या वेगपातळीची पहिली फेरी, एकूण 1120 मीटर. त्याच्या आधीची पायरी 15.8, म्हणजे 1080. मध्ये फक्त एक फेरी, 40 मीटर.

आता गंमत पाहा. 2003 मध्ये कोपनहेगनच्या गटानं त्याच खेळाडूंची हीच चाचणी दोनदा घेतली, तेव्हा निकालात साधारण 5 टक्के चढउतार निघाला. मैदानी चाचणीला हे वाईट नाही, चांगलंच म्हणायचं. पण 1120 चे 5 टक्के किती? 56 मीटर. म्हणजे ज्या एका फेरीवर पास-नापास ठरतं, तिच्याहून चाचणीची स्वतःचीच डुगडुग मोठी! सोमवारी 15.8 ला थांबलेला पोरगा गुरुवारी काहीही न बदलता 16.1 ला पोचू शकतो. त्याला आपण 'सुधारला' म्हणून पाठ थोपटतो.

ही झाली विश्वसनीयता. दुसरी सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचं तेच चाचणी मोजते का. बी.पी.एड.ला, शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, हा शब्द पाठ करून आपण पेपरात लिहिला आणि तिथंच सोडून आलो. त्याच अभ्यासात फुटबॉलपटू सामन्यात जोरात किती पळतात आणि यो-योत किती पळतात, यांचा सहसंबंध 0.71 आला. त्याचा वर्ग करा, 0.5. निम्मा फरक यो-यो सांगते, निम्मा नाही. आणि हे फुटबॉलचं. क्रिकेटमध्ये तीन धावा पळताना वळावं लागतं, सीमारेषेवर दिवसभर धावावं लागतं, तेव्हा चाचणी अगदीच गैरलागू नाही. पण शॉर्ट बॉल ओळखणारी नजर तिच्यात कुठे दिसणार?

मग चाचणी टाकून द्यायची? मुळीच नाही. पोरांची आठवड्यात दोनदा घ्या, त्याच मैदानावर, त्याच बुटांत, त्याच वेळी. आपल्या पोरांची डुगडुग किती ते वहीत लिहा. त्याहून मोठा फरक दिसला तरच बोला. रेघेच्या एका फेरीत अडकलेल्याला पुन्हा संधी द्या.

एक चूक मात्र दोनदा चाचणी घेऊनही सापडत नाही. फीत ताणलेली असेल आणि तुमचे वीस मीटर खरे 20 मीटर 20 सेंटिमीटर असतील, तर 1120 मीटरच्या, वीस-वीस मीटरच्या 56 पळींत पोरगा 11 मीटर जास्त पळतो. दरवेळी तितकाच. विश्वसनीयता शाबूत, आकडा खोटा.

बाहेर शंकू मांडलेत. ते कापडी फितीनं मोजलेत, मी सकाळीच पाहिलं. आधी स्टीलची फीत काढा.