बेडकाची पिल्लं नेमकी कशाने मरतात?

नमस्कार श्रोतेहो. आज टॅडपोलबद्दल, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांबद्दल बोलणार आहे. एक मान्य करूया की बेडकाची बहुतेक पिल्लं मरतातच, अमेरिकन बुलफ्रॉगची मादी एकावेळी २०,००० पर्यंत अंडी घालते, त्यातली मोजकीच मोठी होणार हे ठरलेलंच असतं. पण आता त्या मोजक्यांचंही खरं नाही. २०२३ साली जगभरातल्या ८,००० च्या आसपास उभयचर जातींचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात जवळपास ४१ टक्के जाती धोक्यात निघाल्या.

आता मारतं कोण, असं विचारलं की आपण एकच गुन्हेगार शोधतो, कोण म्हणतं औषधफवारणी, कोण म्हणतं ऊन, कोण म्हणतं रोग. मला वाटतं इथेच घोळ होतो, कारण बऱ्याचदा एकेक त्रास पिल्लू सहन करून जातं, पण दोन-तीन एकत्र आले की संपलं.

डबकं आटायला लागलं की काय होतं ते बघा. पाणी कमी, गर्दी जास्त, खायला कमी. पिल्लाच्या शरीरात कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं स्ट्रेस हार्मोन वाढतं आणि ते थायरॉइडच्या हार्मोनला जोर देतं, मग बेडूक व्हायची प्रक्रिया घाईघाईने सुरू होते. अमेरिकेतल्या कोरड्या भागातल्या स्पेडफूट टोड या बेडकावर हे खूप नीट अभ्यासलं गेलंय. त्या शेवटच्या दिवसांत पिल्लाचं तोंडच बदलत असतं, शेवाळं खरवडणारी चोच गळून जबडा येतो, लांबलचक आतडं आखूड होतं, त्यामुळे ते काही खातच नाही, स्वतःची शेपटी जिरवून त्यावर जगतं, आणि अर्धी शेपटी अर्धे पाय अशा अवस्थेत त्याला ना धड पोहता येतं ना धड उडी मारता येते.

बरं, एवढं करून ते बाहेर पडलं म्हणजे वाचलं का? तर नाही. घाईत झालेला बेडूक आकाराने लहान असतो, उडी तोकडी पडते, अंगात चरबीचा साठा कमी असतो. तो पुढे कुठेतरी गवतात मरतो आणि आपण मात्र पाण्यातली पिल्लं मोजून खूश, की बघा सगळी बाहेर पडली! हा हिशोब चुकीचा आहे आणि तो सारखा केला जातो याचं मला खरंच वाईट वाटतं.

औषधांचंही तसंच. कीटकनाशक किती विषारी हे बघायच्या नेहमीच्या चाचण्या बऱ्याचदा चार दिवसांच्या असतात. २००१ मध्ये रिक रेलिया आणि नेथन मिल्स या संशोधकांनी टॅडपोल कार्बारिल या कीटकनाशकात सोळा दिवस ठेवून पाहिले, तर चार दिवसांच्या चाचणीत जेवढं प्रमाण घातक ठरतं त्याच्या अगदी थोड्याशा भागानेही पिल्लं मरत गेली. आणि त्याच पाण्यात शिकाऱ्याचा वास मिसळला, नुसता वास हं, शिकारी त्यांना खात नव्हता, तर तेच औषध दोन ते चार पट जास्त घातक ठरलं. खऱ्या डबक्यात शिकारी असतोच की, चतुराच्या अळ्या असतात, मासे असतात, मग भीती वगळून केलेली चाचणी कुठल्या डबक्याबद्दल सांगते?

अंड्यांचं तर आणखी नाजूक. कवच नाही, नुसतं जेलीचं आवरण. अमेरिकेतल्या कॅस्केड डोंगररांगांत वेस्टर्न टोडच्या अंड्यांवर काम झालं, २००१ मध्येच प्रसिद्ध झालं, त्यात दिसलं की पाऊस-बर्फ कमी पडलं की तळी उथळ राहतात, अंड्यांवर पाणी कमी म्हणून अतिनील किरणं जास्त पोचतात आणि मग सॅप्रोलेग्निया नावाची बुरशी अंडी खलास करते. आता बोला, यात दोष बुरशीचा, उन्हाचा की पावसाचा?

म्हणूनच कुणाच्या आसपास तळं-डबकं असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, सगळं एकदम सुधारता येत नसलं तरी एखादा ताण कमी करा. काठाला गवत-झुडपं राहू द्या, शेतातलं खत-औषध सरळ पाण्यात उतरणार नाही असं बघा, डबक्याचा एक भाग खोल ठेवा. डासांच्या अळ्या खातात म्हणून गंबुसिया मासे सोडायचे असतील तर आधी तिथे बेडकाची अंडी आहेत का बघा, कारण हे मासे अंडी आणि लहान पिल्लंही खातात. आणि आटत्या डबक्यातली पिल्लं कितीही दया आली तरी बादलीत भरून दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडू नका, बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पिल्लांच्या फक्त तोंडाच्या कडक भागावर जगते, पिल्लू धडधाकट दिसतं, आणि तुम्ही पाण्यासकट रोग नव्या तळ्यात सोडून येता.