कवडसा

श्रोतेहो, नमस्कार.

कौलारू घरात वाढलेल्या माणसाला कवडसा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. भर दुपारी माजघरात अंधार, वर एखादं कौल सरकलेलं, आणि तिथून उतरलेली उन्हाची तिरपी काठी. तिच्यात धुळीचे कण तरंगत असायचे, आणि आम्ही पोरं ती मुठीत धरायला धावायचो. आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांनी असा कवडसा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, बंद दारांच्या आत उतरवला. त्यांचं नाव व्ही. के. मूर्ती. मी मालिकांच्या सेटवर कॅमेऱ्यामागे उभा राहून पोट भरतो, आणि या माणसाला मनोमन गुरू मानतो.

मूर्ती म्हैसूरचे, जन्म १९२३चा. व्हायोलिन उत्तम वाजवायचे. बंगळुरूच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये छायाचित्रण शिकून ते मुंबईला आले आणि बरीच वर्षं सहायक म्हणून राबले. फली मिस्त्रींसारख्या जाणत्या कॅमेरामनच्या हाताखाली उमेदवारी केली. आमच्या धंद्यात ही वर्षं कोणाला चुकत नाहीत. टेप लावून अंतर मोजायचं, फोकस सांभाळायचा, कॅमेऱ्याची मॅगझिन, म्हणजे फिल्मचे डबे, भरायची आणि उस्तादाचा हात बघत राहायचं. १९५१च्या ‘बाजी’ला मूर्ती सहायकच होते. तिथे गुरुदत्त यांची नजर त्यांच्यावर गेली आणि पुढच्याच ‘जाल’पासून कॅमेरा मूर्तींच्या हाती आला.

मग १९५९चा ‘कागज के फूल’, भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद पडद्याचा, चित्रपट. त्यातलं ‘वक्त ने किया’ तुम्ही याच रेडिओवर शेकडो वेळा ऐकलं असेल. गीता दत्त यांचा आवाज, ओसाड स्टुडिओ, दोन माणसं एकमेकांपासून लांब उभी, आणि मध्ये वरून उतरलेला उजेडाचा एक जाड पट्टा. हा पट्टा आणायचा कसा? स्टुडिओतला दिवा कितीही मोठा घ्या, त्याचे किरण लांब जाता जाता फाकतात. पट्ट्याच्या कडा सुटतात आणि बघणाऱ्याला कळतं की हे ऊन नव्हे. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण जणू समांतर येतात. मूर्तींनी सूर्यच आत घेतला! एक मोठा आरसा बाहेर उन्हात ठेवला. त्याचा झोत आत उंचावर लावलेल्या दुसऱ्या आरशावर पाडला आणि त्याने तो खाली सेटवर सोडला. दोन आरसे, बस्स. लहान पोरं शेजारच्याच्या डोळ्यांवर आरशाने ऊन पाडतात ना, अगदी तेच. फक्त ते सुचायला त्या जागी मूर्ती असावे लागतात.

तो चित्रपट चालला नाही. गुरुदत्त यांनी त्यानंतर दिग्दर्शक म्हणून पुन्हा नाव दिलं नाही. मूर्तींना मात्र त्यासाठी फिल्मफेअर मिळालं, आणि ‘साहिब बीबी और गुलाम’साठी पुन्हा एकदा. त्यातलं ‘साकिया आज मुझे नींद नहीं आएगी’ जमलं तर फक्त उजेडासाठी बघा. मुख्य नर्तकी लख्ख दिसते आणि साथीच्या नर्तकींचे चेहरे गाणंभर अंधारात राहतात. नाचणाऱ्या माणसांवर उजेड पाडणं एक वेळ जमेल. त्या गिरक्या घेत असताना त्यांच्या चेहऱ्यांपासून तो दूर ठेवणं, याला काय म्हणावं! दिवा लावणं सोपं, अडवणं कठीण. कटर, म्हणजे उजेड अडवायची काळी फळी, कुठे धरायचा याच्यावर आमचे अर्धे तास जातात.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग. गोविंद निहलानी हे मूर्तींचे सहायक, त्याच बंगळुरूच्या संस्थेत शिकलेले. ‘अंकुर’, ‘भूमिका’ यांचे कॅमेरामन म्हणून त्यांचं नाव झालं, पुढे ते दिग्दर्शक झाले. १९८८ साली दूरदर्शनवर त्यांची फाळणीवरची ‘तमस’ आली आणि तिच्या छायाचित्रणात मूर्ती होते. शिष्याच्या सेटवर गुरू! त्याच वर्षी श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ सुरू झाली, ५३ भागांची. तिचंही छायाचित्रण मूर्तींचं. वय पासष्ट. उंचीच्या दुपटीहून रुंद अशा सिनेमास्कोपच्या पडद्यावर काम केलेला माणूस आता चारास तीन मापाच्या, घरातल्या कपाटावर ठेवलेल्या पेटीसाठी उजेड करत होता. त्या काळच्या टीव्हीला काळ्यापांढऱ्यातल्या छटा सिनेमाइतक्या पेलत नसत. सावली जरा गडद केली की नुसता काळा डाग उरायचा. म्हणून बरेच जण सगळीकडे सपाट उजेड ओतून मोकळे व्हायचे, आजही होतात. मला त्याचा मनापासून राग येतो. ‘तमस’मधल्या रात्री आठवा. तिथे अंधार अंधारच आहे आणि तरी माणसाच्या चेहऱ्यावरची भीती दिसते.

२००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा तो मिळवणारे ते पहिले कॅमेरामन ठरले. पुरस्कार सुरू होऊन चाळीस वर्षं होत आली होती. २०१४च्या एप्रिलमध्ये बंगळुरूत ते गेले.

दोन आरशांचा तो प्रयोग मी एकदा करून पाहिला, साताऱ्याकडच्या एका वाड्यात. घरमालकिणीच्या कपाटाचा आरसा काढून अंगणात ठेवला, दुसरा माळ्यावर बांधला आणि झोत दिसावा म्हणून खाली धूप जाळून धूर केला. कवडसा उतरला आणि सगळं युनिट गप्प झालं. संवादांची तालीम होईपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. पाहतो तर पट्टा नटीच्या पायांपासून दीड-दोन फूट सरकून खांबावर चढलेला. सूर्य थोडाच थांबतो! मग आमचे एक म्हातारे लाइटमन काही न बोलता अंगणात गेले, आरशाशी उकिडवे बसले आणि शॉट संपेपर्यंत तो केसाकेसाने फिरवत राहिले.