ताकादाचीच्या टेकडीवर

श्रोतेहो, नमस्कार.

जपानला जाणारे आपले बहुतेक प्रवासी टोकियो, क्योतो, हिरोशिमा करून परततात. आज मी तुम्हाला त्याही पलीकडे, ईशान्येच्या हिराइझुमी गावी नेणार आहे. तिथे किताकामी नदीला लागून ताकादाची नावाची टेकडी आहे. नदीने ती इतकी कातरली आहे, की मूळ टेकडीचा जेमतेम अर्धा भाग उरलाय. पायऱ्या चढून गेलं की माथ्यावर एक छोटंसं लाकडी देऊळ लागतं. आत चिलखत घालून बसलेली लाकडी मूर्ती आहे, मिनामोतो नो योशित्सुने याची.

११८५ साली दान-नो-उराच्या सागरी लढाईत याच सेनापतीने प्रतिस्पर्धी ताइरा घराणं कायमचं संपवलं. जिंकलेलं सगळं थोरल्या भावाच्या, योरितोमोच्या पदरात टाकलं. आणि इथेच भाऊबंदकी सुरू झाली. माजी सम्राटाने दिलेली पदवी योशित्सुनेने भावाला न विचारता घेतली, हा राग. युद्धकैदी घेऊन तो भावाच्या ठाण्याकडे, कामाकुराला निघाला, तर भावाने त्याला वेशीबाहेर, कोशिगोए गावातच थांबवलं. तिथून त्याने पत्र धाडलं: माझ्या मनात द्रोह नाही. भाऊ बधला नाही.

पळत, लपत तो हिराइझुमीला आला. इथला सत्ताधीश फुजिवारा हिदेहिरा याने त्याला आसरा दिला. पण ११८७ मध्ये हिदेहिरा वारला आणि योरितोमोच्या दबावापुढे मुलगा यासुहिरा वाकला. ११८९ मध्ये त्याच्या फौजेने योशित्सुनेचं घर वेढलं. योशित्सुनेने आधी बायको आणि लहानग्या मुलीला मारलं, मग स्वतःला संपवलं. तिशीतला माणूस! त्याचा सोबती बेन्केई अंगभर बाण घेऊन उभ्यानेच मेला, असं लोक सांगतात.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते पुढचं. योशित्सुनेचं शिर दारूत बुडवून कामाकुराकडे नेलं, आणि ते तपासलं कुठे, तर त्याच कोशिगोएत! आश्रितावर हात उचलून यासुहिराने तरी काय मिळवलं? योरितोमोने त्याच वर्षी हिराइझुमीवर चाल केली आणि तोही मारला गेला.

देऊळ बांधलं ते १६८३ मध्ये, सेंदाईच्या दाते त्सुनामुरा या सरदाराने. सावत्र का होईना, पण भावानेच नाकारलेल्या माणसाची आठवण जवळजवळ पाचशे वर्षांनी एका परक्या घराण्याने जपली, हे मला फार मोलाचं वाटतं. १६८९ मध्ये कवी बाशो इथे आला. समोर नुसतं उन्हाळी गवत पाहून त्याने रचलेला हायकू टेकडीवरच शिळेवर कोरला आहे.

हिराइझुमीला लोक चुसोन-जी या बौद्ध मंदिराचं सोन्याने मढवलेलं सभागृह पाहायला येतात. तेही पाहाच, ११२४ सालचं आहे ते. पण आधी ताकादाची चढा, आणि मग चुसोन-जीच्या चढणीला लागण्यापूर्वी पायथ्याशी बेन्केईची समाधीही पाहून घ्या.